बहात्तरचा बांध अन् आजची सरी

१९७२ च्या दुष्काळात आमचे बाबा खडी फोडायला, बांध घालायला गेले होते. त्याच अनुभवातून १९७७ ला राज्यात रोजगार हमी कायदा झाला. तेव्हा पावसानं पाठ फिरवली होती. आता तो येतो, पण कसा? आधी मोठा खंड, मग एका रात्रीत वावराचं तळं. किन्हीराजाच्या काळ्या रानात माझं सपाट पेरलेलं सोयाबीन असंच पिवळं पडून गेलं.

२०१८ ला जागतिक बँकेच्या मदतीनं पोकरा प्रकल्प आला, त्यात आपला वाशिम जिल्हाही होता. बीबीएफ पेरणीवर त्यात भर होता. जास्तीचं पाणी सरीतून निघतं, खंडात वरंब्यात ओल टिकते. बाबांनी नाल्यावर पाणी अडवलं, आपण वावरात सांभाळू. यंदा उताराला आडवंच पेरा.