वायदा, तारण आणि १ जुलै १८६५

गेल्या वर्षी कर्वेनगरच्या फ्लॅटवर बसून मी फ्युचर्समध्ये अडतीस हजार घालवले. रूम पार्टनर म्हणाला, "अरे, मार्जिन म्हणजे काय हे तरी माहीत होतं का?" होतं की! व्हायव्हाला पाठ करतो तशी व्याख्या पाठ होती. अर्थ मात्र कळला तो नंतर, जुन्या मुंबईच्या शेअरबाजाराचं वाचताना.

तर मंडळी, साल १८६१. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना आपल्या कापसाशिवाय गत्यंतर उरलं नाही. मुंबईत धो धो पैसा आला. मग काय, रोज नवी बँक, नवी कंपनी! सगळ्यात गाजली ती समुद्रात भर घालून जमीन काढणारी बॅक बे कंपनी. तिच्या शेअरवर भरलेले पैसे पाच हजार रुपये. ही पेड-अप किंमत. बाजारात तोच शेअर पन्नास हजारांवर गेला. हा बाजारभाव. मधला फरक म्हणजे निव्वळ आशा, कारण जमीन अजून पाण्याखालीच होती.

दुसरा शब्द तारण. बँक ऑफ बॉम्बेने शेअर तारण ठेवून कर्जं वाटली. त्या पैशांतून लोकांनी आणखी शेअर घेतले. भाव चढला, की तारणाची किंमत वाढली, की परत कर्ज. आपल्या भाषेत सर्क्युलर डिपेन्डन्सी!

तिसरा शब्द वायदा. भाव आज ठरवायचा, पैसे मुदतीला द्यायचे. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपत आलं आणि कापूस कोसळला. वायद्यांची मुदत होती १ जुलै १८६५. त्या दिवशी जो तो समोरच्याच्या पैशांवर अवलंबून, आणि समोरचा त्याच्या समोरच्यावर. पैसे कुणाकडेच नव्हते. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांवर गेलेला शेअर ८७ रुपयांवर आला आणि १८६८ मध्ये ती बँकच बुडाली.

यात डॉ. भाऊ दाजी लाड यांचीही मिळकत गेली. निष्णात डॉक्टर, प्राचीन शिलालेख वाचणारा विद्वान माणूस. त्यांना व्याख्या कळत नव्हत्या असं कोण म्हणेल?

सेबीने २०२४ मध्ये मागच्या तीन आर्थिक वर्षांचा हिशोब मांडला. फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या शंभर सामान्य लोकांपैकी ९३ तोट्यात. त्यातला एक मी!

म्हणून आता कुठलाही भारी शब्द कानावर आला की एकच प्रश्न विचारतो: भाव पडला, तर मुदतीच्या दिवशी पैसे कोण देणार, आणि कुठून? उत्तर 'मीच, पगारातून' असेल तर लॅपटॉप बंद.

असो. ते अडतीस हजार बाबांना अजून सांगायचे राहिलेत.