क्रीडागारे आणि प्रेक्षक

मैदानी खेळ पाहण्यासाठी क्रीडाक्षेत्राभोवती चढत्या पायऱ्यांची आसनव्यवस्था केलेली वास्तू म्हणजे क्रीडागार होय. तिच्यासाठी रूढ असलेली ‘स्टेडियम’ ही संज्ञा ‘स्टेडिऑन’ या अंतर मोजण्याच्या ग्रीक एककावरून आली. खेळाडूंना लागणारी जागा खेळाच्या नियमांनी ठरते व ती दीर्घकाळ जवळजवळ तेवढीच राहते. क्रीडागाराचा विस्तार, उंची, प्रवेशद्वारे आणि खर्च मात्र प्रेक्षकांच्या संख्येवर अवलंबून असतात. त्यामुळे क्रीडागारांचा इतिहास हा बव्हंशी प्रेक्षकांना मिळालेल्या, अथवा नाकारल्या गेलेल्या, जागेचा इतिहास आहे. महाराष्ट्रात तर आसनांच्या वाटपावरून झालेल्या वादांमुळे एका प्रमुख संघाने स्पर्धेतून अंग काढून घेतले आणि पुढे एक संपूर्ण नवे क्रीडागार उभे राहिले.

प्राचीन पार्श्वभूमी : ग्रीसमधील ऑलिंपिया येथील धावण्याचा मार्ग सु. १९२ मी. लांबीचा होता. त्याच्या दोन्ही बाजूंच्या मातीच्या उतारांवर हजारो प्रेक्षक बसत. दगडी आसने केवळ पंचांसाठी होती. रोममधील कलोसियम इ. स. ८० मध्ये खुले झाले. त्याच्या तळमजल्यावर ८० कमानी असून बहुतेकांवर क्रमांक कोरलेले होते. प्रेक्षकाने आपल्या क्रमांकाच्या कमानीतून आत शिरावयाचे व ठरलेल्या जिन्याने आपल्या जागी जावयाचे, अशी ही योजना होती. सु. ५०,००० लोकांचा समुदाय अल्पावकाशात आत घेण्याचा व बाहेर सोडण्याचा हा प्रश्न आजच्या वास्तुशिल्पज्ञांपुढेही तसाच उभा असतो. कलोसियममधील आसने सामाजिक दर्जानुसार विभागलेली होती : पुढे उमराव, मागे सामान्य नागरिक आणि सर्वांत वर स्त्रिया व गुलाम.

जत्रेतील फड व खासबाग : महाराष्ट्रात खेळ पाहण्याची जुनी व सर्वदूर पसरलेली जागा म्हणजे जत्रेतील कुस्त्यांचा फड होय. नासिक जिल्ह्याच्या उत्तर भागातील देवळा व त्याच्या शेजारचे कळवण, सटाणा, मालेगाव हे तालुके ‘कसमादे’ या नावाने ओळखले जातात. या भागात, तसेच खानदेशात, जत्रेच्या दुसऱ्या वा तिसऱ्या दिवशी कुस्त्यांची दंगल भरविण्याची प्रथा आहे. शेतात किंवा नदीकाठी मोकळी जागा नांगरून भुसभुशीत केली जाते. लहान मुलांच्या रेवडीवरच्या कुस्त्यांनी प्रारंभ होतो आणि मोठ्या इनामाच्या मानाच्या कुस्तीने शेवट होतो. पुढच्या रांगेतील प्रेक्षक मातीवर मांडी घालून बसतात, त्यांच्यामागे लोक उभे राहतात आणि सर्वांत मागचे बैलगाड्यांवर, घरांच्या धाब्यांवर व झाडांवर चढतात. अशा रीतीने क्रीडागाराच्या चढत्या रांगांचे तत्त्व येथे कोणत्याही बांधकामाविना साधले जाते. खर्च गावच्या वर्गणीतून भागविला जात असल्यामुळे प्रवेशासाठी तिकीट नसते. ढोल-हलगीच्या ठेक्यावर मल्लांना फडात फिरवून त्यांची ओळख करून दिली जाते आणि प्रेक्षकही आपल्याकडील रोख बक्षिसे जाहीर करतात. येथील प्रेक्षक हा अशा रीतीने आयोजनाचा भागीदारच असतो.

या लोकपरंपरेला स्थायी वास्तूचे रूप कोल्हापूर संस्थानात मिळाले. छत्रपती शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त यूरोपला गेले असता त्यांनी रोम येथे कलोसियमचे अवशेष पाहिले. त्यावरून स्फूर्ती घेऊन त्यांनी कोल्हापुरात खासबाग मैदान बांधविले व ते १९१२ मध्ये खुले झाले. मध्यभागी लाल मातीचा हौद आणि त्याभोवती वर्तुळाकार चढत जाणारी जमीन अशी त्याची रचना आहे. दगडी मनोऱ्यांऐवजी जमिनीचाच उतार वापरल्यामुळे तीस हजारांहून अधिक लोक कोणाचीही दृष्टी न अडता कुस्ती पाहू शकतात. कलोसियमपासून येथे वर्तुळाकार मांडणी घेतली गेली. मातीवर मांडी घालून बसण्याची रीत मात्र जत्रेतील फडाचीच राहिली.

मुंबईची मैदाने : मुंबईतील क्रिकेटचा प्रारंभीचा प्रेक्षक मैदानाच्या कडेला, तंबूंत किंवा झाडांच्या सावलीत बसे. किल्ल्याबाहेरच्या मैदानावर यूरोपीयांच्या पोलो खेळामुळे क्रिकेटची जमीन खराब होते, अशी तक्रार पारशी व हिंदू खेळाडूंनी १८८० नंतरच्या दशकात केली. पुढे समुद्रकिनाऱ्यालगत पारशी, मुस्लिम व हिंदू जिमखान्यांना भूखंड मिळाले. १८९२ मध्ये सुरू झालेल्या यूरोपीय-पारशी सामन्यांत हिंदू संघ सामील झाल्यावर १९०७ मध्ये तिरंगी, मुस्लिम संघ आल्यावर १९१२ मध्ये चौरंगी आणि ‘इतर’ या संघाच्या समावेशाने १९३७ मध्ये पंचरंगी स्पर्धा आकारास आली. या सामन्यांनी मुंबईत क्रिकेटचा मोठा व जाणकार प्रेक्षकवर्ग घडविला.

भारतातील पहिला कसोटी सामना डिसेंबर १९३३ मध्ये बाँबे जिमखान्याच्या मैदानावर तात्पुरते मंडप उभारून खेळविण्यात आला. या जिमखान्याचे सदस्यत्व त्या काळी केवळ यूरोपीयांना खुले होते. लाला अमरनाथ यांनी तेथे ११८ धावा केल्या, तेव्हा उत्साहित प्रेक्षक मैदानात धावून गेले व त्यांनी त्यांना हार घातले. इतक्या मोठ्या प्रेक्षकवर्गासाठी कायम क्रीडागाराची निकड यामुळे अधिकच स्पष्ट झाली.

ब्रेबॉर्न व वानखेडे : क्रिकेट क्लब ऑफ इंडिया ही संस्था १९३३ मध्ये स्थापन झाली. तिने चर्चगेटजवळ समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीवर बांधलेल्या क्रीडागारास मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांचे नाव देण्यात आले व डिसेंबर १९३७ मध्ये त्याचे उद्‌घाटन झाले. त्याच वर्षीची पंचरंगी स्पर्धा तेथे भरली. परंतु आपल्या वाट्यास पुरेशी आसने आली नाहीत म्हणून हिंदू जिमखान्याने तीतून आपला संघ काढून घेतला. अशा रीतीने नव्या वास्तूचा प्रारंभच आसनांच्या वादाने झाला. पुढील वर्षांत हा वाद मिटला. १९४३–४४ च्या अंतिम सामन्यात ‘इतर’ संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्या विजय हजारे यांनी ३०९ धावा काढल्या, तो पराक्रम येथीलच. जातिधर्मांवर आधारलेली ही स्पर्धा १९४५–४६ च्या हंगामानंतर बंद पडली.

क्रीडागारात न पोहोचणाऱ्यांपर्यंत खेळ नेण्याचे काम आकाशवाणीने केले. बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांमुळे क्रिकेटची परिभाषा मराठीत रुळली आणि नासिक, देवळा यांसारख्या मुंबईपासून दूरच्या गावांतील श्रोत्यांना न पाहिलेली मैदानेही परिचयाची झाली. ट्रान्झिस्टर स्वस्त झाल्यावर प्रत्यक्ष मैदानातील प्रेक्षकही तो सोबत आणू लागले. नोव्हेंबर १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्यात व्यंकटराघवन यांना बाद दिल्याचा निर्णय चुकीचा असल्याचे समालोचनातून ऐकताच ब्रेबॉर्नवरील प्रेक्षक खवळले व त्यांनी जाळपोळ केली.

ब्रेबॉर्नवरील सामन्यांची आसने क्लबचे सदस्य आणि मुंबई क्रिकेट संघटना यांच्यात कशी वाटावी, हा वाद दीर्घकाळ धुमसत होता. १९७३ मध्ये आमदारांनी एका मदत सामन्यासाठी मैदान मागितले असता क्लबने नकार दिला. त्यानंतर विधानसभेचे तत्कालीन अध्यक्ष व मुंबई क्रिकेट संघटनेचे प्रमुख शेषराव कृष्णराव वानखेडे यांच्या पुढाकाराने, ब्रेबॉर्नपासून एक किमी. पेक्षाही कमी अंतरावर, स्वतंत्र क्रीडागार बांधण्याचे ठरले. वास्तुशिल्पज्ञ शशी प्रभू यांच्या आराखड्यानुसार सु. वर्षभरात ते उभे राहिले. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धच्या पहिल्याच कसोटीत क्लाइव्ह लॉइड यांनी नाबाद २४२ धावा केल्या. त्यांच्या द्विशतकानंतर अभिनंदनासाठी मैदानात धावलेल्या एका प्रेक्षकास पोलिसांनी मारहाण केल्याने दंगल उसळली व त्या दिवशीचा उर्वरित खेळ वाया गेला. १९३३ साली मैदानात धावून जाणे हा कौतुकाचा विषय होता. चार दशकांनंतर तो सुव्यवस्थेचा प्रश्न झाला होता.

सर्वांत मोठी क्रीडागारे : विसाव्या शतकात प्रेक्षकसंख्येचे विक्रम हे राष्ट्रीय प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाऊ लागले. लंडनच्या वेंब्ली क्रीडागारात १९२३ च्या पहिल्याच अंतिम सामन्यास सु. १,२६,००० लोकांची सोय असताना त्याहून कितीतरी अधिक लोक आत घुसले. पांढऱ्या घोड्यावरील एका पोलिस शिपायाने व त्याच्या सहकाऱ्यांनी गर्दी हळूहळू मागे सारल्यानंतरच खेळ सुरू होऊ शकला. प्रागमधील स्ट्राहॉव्ह क्रीडागार सामुदायिक कवायतींसाठी बांधले गेले व त्यात सु. अडीच लाख लोकांची सोय होती. रीओ दे जानेरो येथील माराकाना क्रीडागारात १६ जुलै १९५० रोजी ब्राझील-यूरग्वाय फुटबॉल सामन्यास तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांची अधिकृत संख्याच १,७३,८५० होती. ब्राझीलच्या पराभवानंतर एवढ्या समुदायावर पसरलेली स्तब्धता त्या देशाच्या लोकस्मृतीचा भाग बनली. भारतात कोलकाता येथील सॉल्ट लेक क्रीडागारात १३ जुलै १९९७ रोजी मोहन बागान-ईस्ट बेंगॉल सामना १,३१,७८१ लोकांनी पाहिला. अहमदाबाद येथील मोटेराच्या जुन्या क्रीडागाराच्या जागी २०२० मध्ये खुले झालेले व २०२१ पासून नरेंद्र मोदी यांच्या नावाने ओळखले जाणारे क्रीडागार १,३२,००० आसनांचे असून ते क्रिकेटचे जगातील सर्वांत मोठे क्रीडागार आहे. त्याने सु. एक लाख आसनांच्या मेलबर्न क्रिकेट मैदानास मागे टाकले. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी तेथे झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यासाठी मुंबईहून खास रेल्वेगाड्या सोडण्यात आल्या होत्या.

सुरक्षितता व घटती क्षमता : मोठ्या गर्दीची किंमत प्रेक्षकांना वेळोवेळी प्राणांनी मोजावी लागली. लिमा येथे १९६४ मध्ये बंद दरवाज्यांपाशी झालेल्या चेंगराचेंगरीत तीनशेहून अधिक लोक दगावले. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर १६ ऑगस्ट १९८० रोजी १६ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. नोव्हेंबर १९९५ मध्ये नागपूर येथे भारत-न्यूझीलंड सामन्याच्या मध्यंतरात प्रेक्षागृहाची भिंत कोसळून जीवितहानी झाली. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या हिल्सबरो क्रीडागारातील १९८९ च्या दुर्घटनेत अखेर ९७ जणांचा बळी गेला. तिच्या चौकशीनंतर तेथील मोठ्या फुटबॉल क्रीडागारांत उभ्याने सामना पाहण्याची पद्धत बंद करून प्रत्येकास क्रमांकित आसन देणे सक्तीचे करण्यात आले. जून २०२५ मध्ये बेंगळुरू येथील क्रीडागाराच्या दारांबाहेर विजयोत्सवाच्या गर्दीत ११ जणांचा मृत्यू झाला. संकट मैदानापेक्षा दारे, जिने व रस्ते यांवर अधिक ओढवते, हे या घटनांवरून दिसून येते.

सुरक्षितता व सुखसोयी यांच्या आग्रहामुळे अनेक क्रीडागारांची क्षमता घटली. माराकानामधील उभ्याने पाहण्याची स्वस्त जागा २००५ मध्ये बंद झाली व आता तेथे सु. ७८,००० आसने आहेत. सॉल्ट लेक येथील क्षमताही निम्म्याच्या आसपास आली. वानखेडे क्रीडागाराची २०११ च्या विश्वचषकापूर्वी पुनर्रचना झाली, तेव्हा सलग बाकांऐवजी स्वतंत्र खुर्च्या आल्या, दृष्टी न अडविणारे छप्पर बसले आणि सु. ४५,००० ची क्षमता सु. ३३,००० झाली. २ एप्रिल २०११ च्या अंतिम सामन्याच्या वेळी त्यांपैकी केवळ सु. ४,००० तिकिटे सर्वसामान्य लोकांसाठी विक्रीस होती. उरलेली संलग्न क्लब, आंतरराष्ट्रीय संघटना व पुरस्कर्ते यांच्याकडे गेली. मोठ्या प्रेक्षकवर्गाच्या नावाने उभारलेल्या वास्तूत सामान्य प्रेक्षकाचा वाटा आठव्या हिश्श्याहूनही कमी राहिला.

सद्यःस्थिती : महाराष्ट्रात यानंतर क्रीडागारे मुंबईबाहेरही वाढली. पुण्याजवळ बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडानगरी १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधली गेली. जानेवारी २०२० मध्ये तेथे भरलेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत नासिकचे प्रतिनिधित्व करणाऱ्या हर्षवर्धन सदगीर यांनी किताब मिळविला. नागपूरजवळ जामठा व नवी मुंबईत नेरूळ येथील क्रीडागारे २००८ मध्ये, तर पुण्याजवळील गहुंजे येथील क्रीडागार २०१२ मध्ये वापरात आले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नेरूळच्या क्रीडागारात भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेस हरवून विश्वचषक जिंकला. नासिक येथील अनंत कान्हेरे मैदानावर रणजी सामने होतात आणि तेथील प्रेक्षक अजूनही बव्हंशी तात्पुरत्या मंडपांत व मैदानाच्या कडेला बसतो.

देवळ्यासारख्या गावच्या प्रेक्षकास मोठे क्रीडागार पाहावयाचे असेल, तर आगाऊ तिकीट, नासिकपर्यंत एस. टी. व पुढे रेल्वेचा प्रवास, पोलिसांची झडती आणि मुक्कामाची सोय अशी बरीच पूर्वतयारी करावी लागते. दूरचित्रवाणीवर खेळ अधिक स्पष्ट दिसत असूनही लोक हा खटाटोप करतात; कारण हजारोंच्या समुदायात एकाच क्षणी उठून दाद देण्याचा अनुभव घरी मिळत नाही. हाच अनुभव जत्रेतील फडात काही शेकडा लोकांना विनामूल्य मिळत आला आहे. म्हणून क्रीडागाराची थोरवी मोजताना आसनांची एकूण संख्या जितकी विचारात घ्यावी, तितकेच त्यांपैकी किती आसने सामान्य माणसाच्या आवाक्यात आहेत व तो तेथून सुखरूप घरी परततो की नाही, हेही पाहणे अगत्याचे ठरते.