काजळी धरली म्हणजे नॅनोविज्ञान कळलं?

‘आपल्या आज्या दिव्यावर काजळ धरायच्या, म्हणजे त्यांना नॅनोतंत्रज्ञान ठाऊक होतं’ हे विधान व्याख्यानांतून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आता पिंपळनेरपर्यंत पोचलं आहे. काजळीतले कण नॅनोमीटरच्या मापाचे असतात, इथवर ते बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला साफ अमान्य आहे.

ज्योतीत तेलाची वाफ फुटते आणि कार्बनचे अणू षटकोनी कड्यांत जुळू लागतात. नुसते षटकोन असतील तर सपाट पत्रा होतो. मध्ये पंचकोन शिरला की तो वाकतो. एका पंचकोनाभोवती पाच षटकोन बसले की कोरान्युलिन नावाचा वाटीसारखा रेणू होतो. असे सपाट-वाकडे रेणू परस्परांच्या ओढीने बिलगतात, थरावर थर चढतात, त्यांचे मणी आणि मण्यांच्या माळा होतात. पंचकोन-षटकोनांचा पत्रा पुरता मिटायला पंचकोन नेमके 12 लागतात. 12 पंचकोन, 20 षटकोन, 60 अणू असं फुलरीन क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना 1985 मध्ये सापडलं. ही जुळणी आपोआप होते, म्हणूनच ती कुणाच्या ज्ञानाचा पुरावा ठरत नाही. नाहीतर साक्री रस्त्यावर धूर सोडत जाणाऱ्या ट्रकलाही नॅनोविज्ञान येतं म्हणावं लागेल.

आजीला येत होतं ते वेगळं. एरंडेलाचा दिवा, बारीक वात, दोन विटांवर उपडी ठेवलेली तांब्याची ताटली. ताटली फार खाली आली तर ज्योत गुदमरते, फार वर गेली तर काजळी धरत नाही. शेंडा जेमतेम टेकला पाहिजे. मग खरवडून तुपात खलायचं. हे पिढ्यांनी पारखलेलं कसब आहे आणि नॅनोचा शिक्का मारला की नेमकं तेच झाकलं जातं.

‘मग परंपरेतून विज्ञानाला काहीच मिळत नाही का?’ मिळतं, पण प्रश्न विचारावा लागतो. पवईच्या आयआयटीत महेश्वर शेरॉन आणि सहकाऱ्यांनी कापूर निवडला. त्याच्या रेणूत षटकोनी कड्यावर पूल असल्याने पंचकोन आधीच तयार असतात. कापरापासून फुलरीन मिळवल्याचा त्यांचा निबंध 1994 मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये छापून आला. कापूर देवळादेवळांत शतकानुशतकं जळत आला होता. त्यातून फुलरीन निघेल का, हे यांनी तपासलं. प्राचीन नॅनोविज्ञानावरच्या मी ऐकलेल्या एकाही व्याख्यानात शेरॉन यांचं नाव आलेलं नाही.