काळ्या पडद्यामागचा तळमजला

धुळ्याच्या एका महाविद्यालयातून जळगावला मला फोन आला. वीज जाऊन आली तेव्हापासून प्रयोगशाळेतल्या लिनक्स संगणकाचा पडदा काळाच होता. आत विद्यार्थ्यांनी वर्षभर घेतलेली तापमानाची मोजमापे. "सगळं पुसून नव्यानं टाकू का?" मी म्हटले, थांबा.

का थांबायचे, हे इतिहास सांगतो. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स घडवायला घेतली, तेव्हा आज्ञा अक्षरांतच द्याव्या लागत. खिडक्या दाखवणारी 'एक्स' प्रणाली १९८४ साली एमआयटीत जन्मली, तीही वेगळा प्रोग्रॅम म्हणून. १९९१ साली सुरू झालेल्या लिनक्सनेही हीच रचना घेतली. म्हणून वरचा मजला ढासळला, तरी तळमजला बहुधा शाबूत असतो.

कंट्रोल, आल्ट आणि एफ-३ या कळा एकदम दाबायला सांगितल्या. अक्षरी पडदा उघडला. आधी मोजमापांची प्रत काढली, मग संगणकाने ठेवलेल्या नोंदी वाचल्या. आठवड्यापूर्वी नवे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, बसवले होते. ते संगणक पुन्हा सुरू झाल्यावरच वापरात येते. म्हणून दोष आज दिसला. पडद्याचा ड्रायव्हर मात्र जुन्या कर्नलसाठीच बांधलेला होता. सुरुवातीच्या यादीतून जुने कर्नल निवडताच खिडक्या परतल्या.

वर्गात हा प्रसंग जरूर सांगावा. यंत्र बंद पडले की पहिला प्रश्न 'काय बिघडले?' हा नसून 'अजून काय चालू आहे?' हा असतो.