इंदूरमधील घरगुती बाग आणि पाण्याचा हिशेब

इंदूरला वर्षाला सरासरी ९५० मिलिमीटर, म्हणजे ३७-३८ इंच पाऊस पडतो. हा आकडा कमी नाही. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडतो आणि उरलेले आठ महिने बाग नळावर किंवा बोअरिंगवर जगवावी लागते. नळाचे नर्मदेचे पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, टप्प्याटप्प्याने वर चढवून आणलेले असते. या उपशाच्या विजेचा भार हलका करायला सौर प्रकल्प हवा म्हणून महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे विक्रीस काढले होते. असे पाणी मे महिन्यात लॉनवर पाईप लावून सोडून देणे मला तरी पटत नाही. २०० चौरस फुटांच्या लॉनला दिवसाला पाच मिलिमीटर पाणी धरले तरी ९० लिटरांहून जास्त लागते. तेवढ्यात नव्वद कुंड्या भिजतात.

आता जमेची बाजू पाहू. १,००० चौरस फूट गच्चीवर वर्षभरात सुमारे ८८,००० लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी ७०,००० लिटर उरते. तीस कुंड्यांना रोज एक लिटरप्रमाणे आठ महिन्यांना ७,२०० लिटर पुरतात. मात्र १,००० लिटरची टाकी भरून ठेवली तर ती महिनाभरच चालेल. म्हणून टाकी हा जोडधंदा समजावा; मुख्य ठेव जमिनीत ठेवावी.

इथे माळव्याच्या जमिनीचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. वर काळी चिकण माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. काळी माती एकदा भिजून फुगली की पाणी खाली फारच हळू जाऊ देते. त्यामुळे दोन-तीन फुटांचा खड्डा करून गच्चीचा पाईप त्यात सोडला तर तिथे नुसते डबके होते. खड्डा काळी माती ओलांडून मुरुमापर्यंत न्यावा, तळाशी मोठे दगड, वर गिट्टी आणि सर्वांत वर वाळू भरावी. गच्ची आधी झाडून घ्यावी आणि पहिल्या एक-दोन सरींचे पाणी बाहेर काढून द्यावे. गाळल्याशिवाय बोअरिंगमध्ये पाणी कधीही सोडू नये.

पाणी देण्याची सर्वांत काटकसरीची रीत म्हणजे मडके. चार-पाच लिटरचे, न रंगवलेले मातीचे मडके रोपाजवळ गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरून वर झाकण ठेवावे (डासांसाठी झाकण आवश्यकच). पाणी पाझरून थेट मुळांशी जाते आणि माती कोरडी होईल तसेच बाहेर येते. उन्हाळ्यात साधारण तीन-चार दिवसांनी भरावे लागते. जुना माठ वापरायचा असेल तर एक परीक्षा आहे: ज्यात पाणी गार होत नाही, त्याची छिद्रे क्षारांनी बुजलेली असतात, तो इथेही कामाचा नाही. कुंड्यांत मडके मावत नाही, तिथे आपली झारीच बरी. सूर्य उगवण्यापूर्वी किंवा मावळल्यावर, थोडे थोडे रोज देण्यापेक्षा एकदा नीट भिजवावे.

उघडी काळी माती एप्रिलपासून भेगाळते आणि घातलेले पाणी भेगांतून मुळांना चुकवून खाली निघून जाते. तिच्यावर तीन-चार बोटे जाड आच्छादन हवे. वाळलेला पाला, उसाच्या रसाच्या दुकानातली चिपाडे, देवाच्या हारांतली (दोरा काढलेली) फुले, काहीही चालते.

एसीचे पाणी कुंड्यांना चांगले. आरओ यंत्राच्या सांडपाण्यात मात्र क्षार जास्त असतात. ते फरशी पुसायला वापरावे. कुंडीत रोज घातले तर कढीपत्ता, गुलाब यांच्या पानांच्या कडा जळतात. भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी निर्धास्तपणे घालावे.

झाडे निवडताना शेवगा, लिंबू, अडुळसा, कोरफड, बोगनवेल, सदाफुली यांना पहिली पसंती द्यावी. तुळस आणि मोगरा आपल्याकडे हवेतच, पण त्यांना भर उन्हाळ्यात दुपारची सावली द्या.

शोषखड्ड्याचे काम मेअखेर उरकावे. पाऊस सुरू झाला की काळ्या मातीत गवंडी पाऊल टाकायला तयार होत नाही.