खिशातली बॅटरी

बिदर जिल्ह्यातल्या राजेश्वरात काय किंवा आपल्या गोव्यात काय, विजेरीला मराठी माणूस 'बॅटरी'च म्हणतो. तिकडे रात्री वीज आली की शेताला पाणी द्यायला निघायचे, पायाखाली साप-विंचू... तिथे ती मध्येच विझून कसे चालेल? पण विझणे हा तिचा जन्मजात गुण! १८९९ साली अमेरिकेत डेव्हिड मिसेल यांना विजेरीचे पेटंट मिळाले, तेव्हा उजेड क्षणभरच टिके. म्हणून तर तिकडे 'फ्लॅशलाइट' हे नाव पडले. आता एलईडी आले, तो सहसा जात नाही. दगा देतात बटण आणि स्प्रिंग. साध्या सेलचे जस्ताचे डबडेच झिजून वीज देते. भोक पडले की आतला द्रव गळतो, स्प्रिंग गंजते. मग आपण बॅटरी तळहातावर आपटत बसतो. आमच्या खाऱ्या हवेत तर गंज लवकरच चढतो. वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवावेत, एवढे केले तरी पुष्कळ.