पागलखाना ते समुपदेशन: नागपूरकडील नैराश्योपचाराचा इतिहास

नागपूर जिल्ह्यात मनाच्या आजारावरील सरकारी उपचार 1864 पासूनचे. त्या वर्षी सुरू झालेले रुग्णालय म्हणजेच आजचे प्रादेशिक मनोरुग्णालय. कुही, मांढळ, उमरेडकडच्या लोकांच्या तोंडी मात्र त्याचे नाव ‘पागलखाना’ असेच राहिले. जवळच्या चौकालाही तेच नाव पडले.

तिथे कोणी जायचे हे कायदा ठरवी. 1858 च्या कायद्यानुसार पोलीस भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या वेड्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करत आणि त्याच्या आदेशाने दाखला होई. नैराश्याचा रुग्ण सहसा घरातच असे: बोलणे तुटलेले, जेवण सुटलेले, पहाटेच जाग येणारी. त्याचा कोणाला उपद्रव नव्हता, म्हणून कायद्याच्या नजरेला तो दिसलाच नाही. उपचाराची वेळ केव्हा आली, हे रुग्णाच्या दुःखावर नव्हे, तर इतरांना होणाऱ्या त्रासावर ठरत असे. पुढची अनेक दशके लोक उशिरा आले, त्याचे एक मोठे कारण हेच.

या व्यवस्थेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कामठीचे सूफी संत ताजुद्दीन बाबा यांचे. 1892 मध्ये त्यांना या रुग्णालयात ठेवण्यात आले आणि तिथेच त्यांच्या दर्शनाला लोकांची रीघ लागली. 1908 मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी जामीन भरून त्यांना शक्करदऱ्याच्या वाड्यात नेले. आत जायला आदेश आणि बाहेर यायला जामीन, अशी ती रीत होती. बाबांच्या निधनानंतर, म्हणजे 1925 पासून, त्यांचा दर्गा असलेले ताजबाग हे सर्व धर्मांच्या दुःखितांचे ठिकाण झाले. अशा जागी मिळणारा धीर खरा असतो, त्याला कमी लेखू नये. ‘बाहेरचं’ आहे म्हणून मांत्रिकाकडून मारहाण होणे ही गोष्ट वेगळी. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा ठरवला.

1912 च्या कायद्याने स्वतःहून दाखल होण्याची वाट उघडली, पण त्यासाठी रुग्णालयाच्या दोन अभ्यागतांची संमती लागे. शिवाय आत्महत्येचा प्रयत्न 1860 च्या दंडसंहितेनुसार गुन्हा होता. ज्याला जगणे नकोसे झाले, त्याने ते बोलून दाखवायचे तरी कोणापुढे?

1950 च्या दशकात नैराश्यावरची पहिली औषधे आली, तर 1960 च्या दशकात अॅरन बेक यांनी विचार बदलण्यावर आधारलेली उपचारपद्धती मांडली. त्यामुळे भरती न होताही बरे होणे शक्य झाले. भारतात 1982 चा राष्ट्रीय कार्यक्रम आणि 1996 पासूनचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम याच दिशेने गेले. 2017 च्या कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले.

विदर्भातला सर्वांत बोलका प्रयोग अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांमधला, ‘विश्राम’. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्याची लक्षणे समजावली आणि समुपदेशन केले. त्याआधी नैराश्य असलेल्यांपैकी 4.3 टक्के लोक मदत घेत होते. 18 महिन्यांनी हे प्रमाण 27.2 टक्के झाले. माणसे बदलली नव्हती, फक्त लक्षण ओळखणारे कोणीतरी दारात आले होते.

कुही तालुक्यात ही ओळख विशेष गरजेची आहे. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 1988 मध्ये झाली आणि पुढे वैनगंगेचे पाणी चढले, तशी इथली अनेक गावे उठली. घर, वावर, देऊळ सुटल्याचा शोक हा आजार नव्हे. तो लाटांसारखा येतो आणि मधूनमधून माणूस सावरतो. पण ‘कशातच मन लागत नाही’ ही अवस्था दोन आठवडे जवळजवळ रोज टिकली, झोप व भूक बिघडली, हातपाय गळाले, स्वतःची किंमत शून्य वाटू लागली आणि कामधंदा थांबला, तर उपचाराची वेळ झाली असे मानतात. खेड्यात हीच तक्रार पुष्कळदा डोकेदुखी किंवा अंगदुखी म्हणून डॉक्टरपुढे येते. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवड्यांची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी रुग्णाला डॉक्टरकडे न्यावे, एकटे सोडू नये. ऑक्टोबर 2022 पासून ‘टेली मानस’च्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनाशुल्क आणि मराठीतही बोलता येते. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभागात तपासून घ्यायला आता मॅजिस्ट्रेटचा आदेश लागत नाही.